बोका सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन कुंथतोय, बद्धकोष्ठ असेल का?

बोका ४ वर्षांचा, नसबंदी झालेली, वजन साडेपाच किलो, खाणं फक्त कोरडं. सकाळपासून दर दहा-पंधरा मिनिटांनी लिटर बॉक्समध्ये जातो, पाठीला बाक काढून कुंथतो, उठतो. मधेच खोल आवाजात ओरडतो. शेपटीखाली सारखं चाटणं चालू आहे. आज खाण्याला तोंड लावलेलं नाही. एरंडेल अर्धा चमचा द्यावं का? जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १
एरंडेल नको. आधी रेती उकरून शूचे गोळे मोजा. बेंटोनाइटच्या (ओलं झाल्यावर गोळा होणाऱ्या मातीच्या) रेतीत एरवी लिंबाएवढा गोळा धरतो. आज नुसते वाटाण्याएवढे ठिपके असतील किंवा सगळं कोरडं असेल, तर ही शी अडलेली नाही, शू तुंबलीय. कुंथताना दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून फसगत होते.

धागाकर्ता
दोनच ठिपके आहेत, एक गुलाबीसर.

प्रतिसाद १
मग आत्ता निघा, सकाळपर्यंत थांबू नका. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. स्फटिकांची कच आणि चिकट स्राव यांचं बूच तिथे बसतं. शू अडली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. पूर्ण तुंबलं तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. उलट्या होणं, अंग गार पडणं, निपचित पडणं ही उशिराची लक्षणं. त्यांची वाट बघायची नसते.

पोट दाबून बघू नका, तट्ट भरलेलं मूत्राशय फुटू शकतं. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नको. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही, एका गोळीनेही मांजर दगावतं.

निघण्याआधी व्हेटला फोन करून एवढंच विचारा: 'बोक्याची शू तुंबलीय, भूल देऊन कॅथेटर (शूच्या मार्गात घालायची बारीक नळी) घालण्याची सोय आहे का?' नसेल तर थेट दुसरा दवाखाना गाठा. रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी) तपासायला सांगा.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर. पुढचं सांगतो. कॅथेटर काढल्यावर पहिला आठवडा जपायचा, पुन्हा तुंबण्याची भीती तेव्हाच जास्त असते. रोज गोळे मोजा. युरिनरी डाएट (लघवीच्या त्रासासाठीचं खास खाद्य) मनाने सुरू करू नका: स्ट्रुव्हाइट प्रकारचे खडे त्याने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे नाही. आधी लघवीची तपासणी आणि एक्स-रे.

खरी मेख पाण्यात आहे. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम १० टक्के, डबाबंद ओल्या खाद्यात ७५ ते ८०. व्हेट हो म्हणाले की हळूहळू ओल्यावर आणा. चिकन उकडलेलं पाणी चालेल, पण त्यात मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. कांदा-लसूण मांजराला विषारी.

धागाकर्ता
फोन झाला, सोय आहे. टोपलीत टॉवेल घालून निघतोय.

प्रतिसाद १
शेवटची शू किती वाजता झाली ते लिहून घ्या. व्हेट पहिलं तेच विचारतील.