सोसायटी ग्रुपवर : आतली दारं बदलायचीत, कुठे कोणतं बसवावं?

सी-५०४ : नमस्कार सगळ्यांना 🙏 दिवाळीच्या आधी घरातली आतली दारं बदलायची आहेत. दोन बेडरूम, दोन बाथरूम आणि ड्राय बाल्कनी. किचनला सध्या दार नाहीच, तिथे बसवावं का तेही ठरत नाहीये. दुकानदार म्हणतो सगळीकडे एकच डिझाइन घ्या, घर एकसारखं दिसतं आणि भावातही सूट मिळेल. हल्ली कुणी केलंय का हे काम? बाथरूमचं बिल्डरने दिलेलं दार खालून पार कुजलंय.

बी-७०२ : वहिनी, सूट घ्या, पण सगळीकडे एकच दार घेऊ नका. आम्ही उन्हाळ्यात केलं. बाथरूमला डब्ल्यूपीसी, बाकी फ्लश डोअर, म्हणजे प्लायचं सपाट दार. वरून सनमाईका एकच लावला, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही.

सी-५०४ : डब्ल्यूपीसी म्हणजे ते प्लास्टिकचं ना?

बी-७०२ : निव्वळ प्लास्टिक नाही. लाकडाचा भुसा आणि पीव्हीसी एकत्र करून फळी काढतात. पाणी पीत नाही, वाळवी लागत नाही. पीव्हीसीचं दार वेगळं, ते आतून पोकळ आणि हलकं. स्वस्त पडतं, पण बिजागरीचे स्क्रू लवकर सैल होतात. फक्त डब्ल्यूपीसी ड्राय बाल्कनीला लावणार असाल तर ऊन किती येतं बघा. कडक उन्हात ते तापून फुगतं, फट नीट सोडली नसेल तर अडकतं.

सचिव : सूचना. टँकर सकाळी ११ नंतर येईल. वरच्या टाकीत पाणी कमी आहे, जपून वापरा.

बी-७०२ : सर, दारांचं चाललंय 😄

ए-२०१ : सी-५०४ ताई, नवीन दार निवडण्याआधी जुनं का कुजलं ते बघून घ्या. बांधकाम खात्यात असताना हेच पाहत आलोय. बाथरूमचं दार पुढून कुजत नाही, खालच्या कडेने कुजतं. सुतार दार बसवताना खालून थोडं रंधतो, पुढे-मागे सनमाईका झकास लावतो आणि ती खालची कड कोरीच राहते. दिसत नाही म्हणून तिला कुणी रंग लावत नाही. पाणी तिथून वर चढतं आणि प्लायचे थर सुटतात. फ्लश डोअर घेणार असाल तर ते चौकटीवर चढवण्याआधी वरची आणि खालची, दोन्ही कडा रंगाने बंद केल्यात का ते उभं राहून बघा. एकदा चढवल्यावर खालची कड दिसत नाही.

बी-७०२ : काका, मोबाइल फरशीवर ठेवून पुढच्या कॅमेऱ्याने दिसते. मी आत्ताच बघितलं. आमची कोरी आहे 😐

ए-२०१ : मग पाणी लागायच्या आत दार उतरवून रंगवून घ्या. एका दुपारचं काम आहे.

सी-५०४ : काका, बेडरूमला फ्लश डोअर घ्यायचं तर बघायचं काय? मला सगळी सारखीच दिसली.

ए-२०१ : आत काय भरलंय ते. भरीव गाभ्याच्या दारात लाकडाच्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून वर प्लाय दाबलेला असतो. त्याचं भारतीय मानक आय. एस. २२०२, तो क्रमांक आणि आय. एस. आय. चा शिक्का दारावर शोधा. दुकानदार ‘सातशेदहा आहे, सातशेदहा’ असं म्हणेल. ७१० हे मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचं मानक आहे, दाराचं नव्हे. नक्षी उठवलेली तयार पांढरी दारं असतात ना, त्यातली बरीच आतून पोकळ असतात. ठोकून कळतं, पण उचलून जास्त चांगलं कळतं. जाडी आतल्या दाराला ३० ते ३५ मिमी पुरे.

आणि माप. चौकट वर, मध्ये आणि खाली अशी तिन्हीकडे मोजा, दोन्ही कर्णही मोजा. आपल्या बिल्डिंगमधल्या चौकटी काटकोनात आहेत असं समजू नका. मोठं दार आणून कापून बसवू, असं सुतार म्हणाला तर नाही म्हणा. फ्लश डोअरच्या चारही कडांना आत लाकडाची पट्टी असते. त्या पट्टीच्या आत करवत गेली की गाभा उघडा पडतो, बिजागरीचा स्क्रू धरत नाही.

बी-१०१ : इंटीरियरचं काम करते म्हणून एक भर घालते. सनमाईका लावायचा तर दाराच्या दोन्ही बाजूंना लावा, आणि सारख्याच जाडीचा. बाहेरून सनमाईका आणि बेडरूमच्या बाजूने नुसता रंग, असं पैसे वाचवायला पुष्कळ जण करतात. एक बाजू ओल घेते, दुसरी घेत नाही, मग दार बाक धरतं आणि वरचा कोपरा चौकटीला टेकतच नाही. सुतार म्हणतो लाकूड खराब होतं. लाकडाचा काही दोष नसतो.

बी-१०१ : भाव विचारताना पण जपून. दार चौरस फुटावर विकतात. ७ बाय ३ चं दार म्हणजे २१ चौरस फूट, बाथरूमचं ७ बाय अडीच म्हणजे साडेसतरा. पण तो भाव नुसत्या फळीचा असतो. सनमाईका, कडांच्या पट्ट्या, बिजागऱ्या, लॅच, मजुरी हे सगळं धरून एका दाराचा आकडा मागा. तो ऐकून दुकानदाराची सूट किती खरी ते कळेल.

ए-३०२ : मध्येच विचारते. आमचं बेडरूमचं दार पावसाळा लागला की घासतं. रंधा मारून घेऊ का?

ए-२०१ : कुठे घासतं?

ए-३०२ : वर, कुलपाच्या बाजूला. आणि खाली फरशीलाही.

ए-२०१ : मग ते फुगलेलं नाही, लोंबलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले असणार. भोकात लाकडाची चीप गोंद लावून ठोका आणि लांब स्क्रू मारा. पूर्ण उभी कड सारखी घासत असेल तर ते फुगणं. तेव्हाही आत्ता रंधू नका. श्रावणात रंधलेल्या दाराला जानेवारीत बोटभर फट दिसते.

ए-३०२ : 🙏🙏 आणि चौकटीखाली पिठासारखा भुसा पडतो, ती वाळवी का?

ए-२०१ : वाळवी मातीच्या नळ्या करते. पिठासारखा भुसा म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. बारीक गोल भोकं दिसतील. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावताना हे सांगा, दोन्हींचं औषध मारायची पद्धत वेगळी आहे.

सी-२०३ : हा मेसेज डिलीट केला आहे.

ए-६०३ : सी-५०४, सासूबाई तुमच्याकडेच असतात ना? फिजिओथेरपिस्ट म्हणून विचारते, त्यांच्या बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर?

सी-५०४ : आत. वॉकर घेऊन जातात त्या.

ए-६०३ : मग डिझाइन नंतर बघा, आधी हे. म्हातारं माणूस आत दाराशीच पडलं आणि दार आत उघडणारं असेल तर बाहेरून ढकलताही येत नाही. त्यांच्याच अंगावर ढकलायचं कसं? बाहेर उघडणारं दार करा. आतून टॉवर बोल्ट, म्हणजे सरकवायची कडी, अजिबात लावू नका. बाहेरून नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवता येईल असं लॅच मिळतं, ते घ्या. गोल नॉब नको, खाली दाबायची मूठ घ्या. संधिवाताच्या बोटांना ओला नॉब फिरवता येत नाही.

वॉकरसाठी रुंदी मोजाल ती दार ९० अंशांत उघडं ठेवून मोजा. चौकट अडीच फुटांची दिसली तरी दाराची जाडी आणि बिजागरी त्यातला दीडएक इंच खाते.

सी-५०४ : हे डोक्यातच आलं नव्हतं. काका, बाहेर उघडणारं होईल का? आमची चौकट ग्रॅनाइटची आहे.

ए-२०१ : ग्रॅनाइटच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून दाराला टेकायला पायरी केलेली असते. ती पायरी आतल्या बाजूने आहे. दिशा उलटी करायची तर चौकट काढावी लागेल.

सी-४०४ : थांबा. चौकट काढणार??

सी-४०४ : मी सी-५०४ च्या बरोबर खाली राहतो. वर पूर्वी जे भाडेकरू होते त्यांनी बाथरूमचा उंबरा फोडला होता. पुढचा सगळा पावसाळा माझ्या बेडरूमच्या छतावर नकाशा उमटला होता. शेवटी पुट्टी-रंगाचा खर्च मीच केला.

सी-५०४ : दादा, अजून काहीच ठरलं नाहीये 🙏

ए-२०१ : ते बरोबर बोलतायत. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग फरशीखालून येऊन उंबऱ्यापाशी आणि चौकटीच्या पायाशी वर वळवलेलं असतं. चौकट उपटली की ते तिथेच फाटतं, वरून कितीही पांढरं सिमेंट भरा. म्हणून नियम असा धरा की बाथरूममध्ये दाराची फळी बदलायची, चौकट नाही. दार बाहेर उघडायचं असेल तर भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पातळ डब्ल्यूपीसीची चौकट स्क्रूने बसवून दार तिच्यावर चढवता येतं. रुंदी कमी होत नाही, आणि उंबऱ्याला हात लागत नाही. दाराचं पाणी खोलीत निथळेल, तेवढ्यासाठी बाहेर पायपुसणं ठेवा. न घसरणारं.

सी-४०४ : हे चालेल.

सी-५०४ : आणि नवीन दाराला खाली रबराची पट्टी लावून घेते. फटीतून झुरळं येतात.

ए-२०१ : गीझर गॅसचा की विजेचा?

सी-५०४ : गॅसचा. बाथरूममध्येच आहे.

ए-२०१ : ताई, मग रबर लावू नका. आणि दाराच्या आधी तो गीझर बाहेर काढा. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालला की खोलीतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि तो खाली बसतो, ओरडतही नाही. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दाराखालची फट बंद केली तर फॅन हवा ओढणार कुठून? गीझर ड्राय बाल्कनीत न्या, पाइप आत घ्या. त्यानंतरही दाराखाली अर्धा इंच फट राहू द्या किंवा खाली जाळीच्या पट्ट्यांचं दार घ्या. झुरळांचा बंदोबस्त नहाणीच्या जाळीला करा, ती तिथून येतात.

ए-६०३ : काकांचं हे सगळ्यांनी वाचा. फक्त सी-५०४ साठी नाही.

बी-४०१ : आमचाही आतच आहे. उद्याच प्लंबरला फोन करतो.

सचिव : हा मेसेज ग्रुपला पिन करतोय. ज्यांचा गीझर आत आहे त्यांनी मला वैयक्तिक कळवा, एकाच प्लंबरकडून सगळ्यांचं करून घेऊ.

सी-५०४ : गीझरचं याच आठवड्यात करते काका. खरंच धन्यवाद. किचनचं सांगा आता.

बी-१०१ : किचनला दार लावणार ते कशासाठी?

सी-५०४ : फोडणीचा ठसका हॉलमध्ये येतो. पाहुणे शिंकतात.

बी-१०१ : मग काचेचं सरकतं चांगलं, उजेड जात नाही. काच टफन्डच घ्या, आणि माप पक्कं झाल्यावरच ऑर्डर द्या. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. वरच्या पट्टीवर लटकणारं घ्या. फरशीत रूळ टाकला की त्यात पीठ, तांदूळ, सगळं जाऊन बसतं. भिंतीच्या आत सरकणाऱ्या दाराचा हट्ट कुणी धरला तर आपल्या भिंती ४ इंची आहेत, त्यात ते मावणार नाही हे त्याला सांगा.

ए-२०१ : पाइपलाइनचा गॅस की सिलिंडर?

सी-५०४ : पाइपलाइन.

ए-२०१ : तो हवेपेक्षा हलका, गळला तर वर चढतो. म्हणजे वरची हवेची वाट बंद करू नका. सिलिंडरचा गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो, त्या घरांत दाराखाली फट हवीच. झडप रात्री बंद करायची सवय दोन्हीकडे ठेवा.

बी-७०२ : वहिनी, तबल्यासाठी काही करणार का? चिरंजीवांची प्रगती इथपर्यंत ऐकू येते 😄

सी-५०४ : त्याच्या खोलीचं दार साउंडप्रूफ मिळेल असं दुकानदार म्हणाला होता.

बी-१०१ : भरीव दार आणि चौकटीला सभोवती रबराची पट्टी, एवढ्याने हॉलमध्ये बराच फरक पडेल. बेडरूमच्या दाराखाली, बंद करताना आपोआप खाली उतरणारी पट्टी मिळते, तीही लावा. फट तशीच ठेवून महागडं दार घेण्यात अर्थ नाही, आवाज फटीतून येतो.

सी-४०४ : आणि मला?

बी-१०१ : तुम्हाला दादा, दाराचा उपयोग नाही. डग्ग्याचा ठेका स्लॅबमधून खाली उतरतो. तबल्याखाली जाड रबराची मॅट आणि वर सतरंजी टाका, सी-५०४.

सी-५०४ : टाकते. दादा, सॉरी हं.

सी-४०४ : सॉरी कशाला, वाजवतो चांगला. फक्त दुपारी २ ते ४ सोडून.

बी-७०२ : बिजागऱ्यांवर पैसे वाचवू नका, हे राहिलं. स्टेनलेस स्टीलच्या ३०४ ग्रेडच्या, सहसा न गंजणाऱ्या घ्या, बाथरूमला तर नक्कीच. जड दाराला तीनऐवजी चार. आम्ही भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो होतो, दारं आणि हे सगळं एकाच फेरीत मिळतं. जाताना चौकटीचा फोटो आणि मापाचा कागद न्या.

सचिव : काम सुरू करण्याआधी सोसायटीला अर्ज द्या. तोडफोड आणि करवत सकाळी १० ते १ आणि ४ ते ६, रविवारी बंद. ७ फुटी दारं लिफ्टमध्ये तिरकी घालून आरसा फोडू नये, जिन्याने न्यावीत. जुनी दारं पार्किंगमध्ये ठेवल्यास दंड.

सी-४०४ : बेडरूमचं जुनं दार चांगलं असेल तर टाकू नका, मला द्या. मिसेसला शिलाई मशीनसाठी टेबल करायचंय. थोडं कापलं की बसेल.

बी-७०२ : दादा, कापलं की गाभा उघडा पडतो. वर वाचा.

ए-२०१ : टेबलाला चालतं. कडेला पट्टी मारून घ्या.