फुजी १९७६: लाउडाने गाडी थांबवली ते बरोबर होतं का?

तिसरागिअर
२४ ऑक्टोबर १९७६. जपानमध्ये फुजीला फॉर्म्युला वन हंगामाची शेवटची शर्यत. फेरारीच्या निकी लाउडाचे ६८ गुण, मॅक्लारेनच्या जेम्स हंटचे ६५. पाऊस आणि धुकं इतकं की सुरुवात लांबत गेली, पण शेवटी शर्यत सुरू केलीच. दोन लॅप, म्हणजे ट्रॅकचे दोन फेरे मारून लाउडा पिटमध्ये, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या जागी आला आणि गाडीतून उतरला. हंट तिसरा आला, ४ गुण मिळवून ६९-६८ने जगज्जेता झाला.

माझ्या मते लाउडाच्या २५ विजयांपेक्षा आणि ३ विजेतेपदांपेक्षा हा निर्णय मोठा आहे. त्याच वर्षी १ ऑगस्टला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीत तो जळत्या गाडीत अडकला होता. आर्तुरो मेर्झारियो आणि आणखी तीन ड्रायव्हरांनी आगीत हात घालून त्याला ओढून काढलं. विषारी धूर फुप्फुसात गेलेला. इस्पितळात पाद्र्याने शेवटचे विधीसुद्धा केले. आणि १२ सप्टेंबरला हा माणूस इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीला परत गाडीत! डोक्याचं बँडेज रक्ताने भिजलेलं, तरी चौथा आला. त्याला 'घाबरला' म्हणून मोडीत काढणारे अजूनही भेटतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पानाबॉक्स
घाबरला असं मी म्हणणार नाही. पण बरोबर केलं असंही म्हणणार नाही.

नाशिकच्या रॅलीला मी काही वर्षं सर्व्हिस क्रूमध्ये होतो. रात्रभर गिअरबॉक्स उतरवायचा, चढवायचा, उजाडता उजाडता गाडी द्यायची. एकदा आमच्या ड्रायव्हरने धुक्यात स्टेज, म्हणजे रॅलीचा एक टप्पा, अर्ध्यात सोडली. मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. गाडी ड्रायव्हर एकटा चालवतो, पण ती एकट्याची नसते. मारानेल्लोला फेरारीच्या कारखान्यात वर्षभर राबलेल्या माणसांचं काय?

आणि हिशेब करा. हंट तिसरा येऊनही लाउडाला पाचवा नंबर पुरला असता. २ गुण, म्हणजे ७०-६९. पुढे पाऊस थांबला, ट्रॅक सुकत गेला, हंटचे पावसाचे टायर झिजून संपले, त्याला ऐनवेळी पिटमध्ये यावं लागलं. सावकाश का होईना, चालवत राहायचं होतं.

शुक्रतारा
पानाबॉक्स, पाऊस थांबणार हे दुसऱ्या लॅपला कोणाला ठाऊक होतं?

'सावकाश' हा शब्द तर मला अजिबात पटत नाही. त्या रुंद टायरांनी उडवलेल्या पाण्यात पुढची गाडी दिसत नाही, तशी तुमची गाडी मागच्याला दिसत नाही. हळू चालवलं की मागून कोण येऊन आदळेल याचा नेम नाही. त्यात लाउडाच्या पापण्या भाजलेल्या, डोळे नीट मिटत नव्हते. दोन वेळचा विजेता एमर्सन फिटिपाल्डी, कार्लोस पाचे आणि लॅरी पर्किन्स यांनीही त्या दिवशी गाड्या थांबवल्या. त्यांना कोणी बोल लावत नाही.

पानाबॉक्स
कारण त्यांच्या हातून विजेतेपद जाणार नव्हतं. आणि इतकं धोक्याचं होतं तर मुळात ग्रिडवर, सुरुवातीच्या रांगेत, उभंच का राहायचं?

हिरवाझेंडा
मला वेगळंच वाटतं. व्हिएन्नातलं कागद कारखान्यांचं श्रीमंत घराणं. मागे आधार असलेल्याला 'सोडतो' म्हणणं सोपं जातं. गरिबाघरचा पोरगा शेवटच्या शर्यतीत असा गाडीतून उतरला असता का?

तिसरागिअर
हिरवाझेंडा, घराणं श्रीमंत होतं, पण पाठीशी नव्हतं. आजोबांचा शर्यतींना विरोध होता. मार्च संघात जागा मिळवायला याने आयुर्विम्याच्या पॉलिसीवर बँकेचं कर्ज काढलं. जीव गहाण टाकूनच आलेला माणूस आहे हा.

पानाबॉक्स, ग्रिडवर का उभा राहिला, हा प्रश्न खरा आहे. न्युर्बुर्गरिंगलाही त्याने आधी ड्रायव्हरांची बैठक घेऊन शर्यत नको म्हटलं होतं. मतदानात हरला, मग निमूट गाडीत बसला आणि जळाला. मोंझाला तर फेरारीने त्याच्या जागी कार्लोस रॉइटेमान या ड्रायव्हरला आणूनही ठेवलं होतं. पहिल्या दिवशी गाडीत बसल्यावर भीतीने अंग गोठलं होतं, हे लाउडाने पुढे स्वतः सांगितलं. दोन्ही वेळा तो मनाविरुद्ध चालवत राहिला. फुजीला दोन लॅप तसंच केलं, तिसऱ्यांदा मात्र स्वतःचं ऐकलं. मला त्यात विसंगती दिसत नाही. त्याची किंमतही त्याने मोजली: संघाचा संस्थापक एन्झो फेरारीशी संबंध पुन्हा जुळले नाहीत, १९७७ला विजेतेपद मिळवून दिल्यावर हंगाम संपायच्या आत तो फेरारीतून बाहेर पडला.

शुक्रतारा
आणि एक राहिलंच. उतरल्यावर फेरारीचे मुख्य अभियंता माउरो फोर्गिएरी त्याला म्हणाले होते, इंजिन बिघडलं असं सांगू या. लाउडाने साफ नकार दिला.

पानाबॉक्स
हे वाचून थोडा वेळ थांबलो.

बाहेरच्याला ही साधी सबब वाटेल. पण 'इंजिन गेलं' म्हटलं की बोट कोणाकडे जातं? रात्रभर जागलेल्या मेकॅनिककडे. आमच्या ड्रायव्हरने त्या धुक्याच्या दिवशी सगळ्यांना क्लच गेल्याचं सांगितलं होतं. क्लच मी बसवला होता आणि तो ठणठणीत होता. मला राग स्टेज सोडल्याचा होता की त्या क्लचचा, हे आज नक्की सांगता येत नाही.

लाउडाने आपल्या माणसांवर खापर फोडलं नाही, त्याबद्दल त्याला माझा सलाम. पाचव्या नंबरचं मात्र मी अजून सोडलेलं नाही.