मदत हवी आहे: ऑक्सिजन सेन्सर बदलल्यावर गाडी घाटात ओढत नाही

मंडळी, गाडी 1.2 लिटर पेट्रोल, सीएनजी किट नाही. चेक इंजिन लाइट लागला म्हणून कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरच्या पाइपमधला धूर शुद्ध करणारा भाग) आधीचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलला. लाइट गेला, पण ओढही गेली. रत्नागिरीत सपाटीवर ठीक चालते. आंबा घाटात मात्र पाय पूर्ण दाबला तरी काटा 2500 आरपीएमच्या वर सरकत नाही.

एअर फिल्टर, प्लग नवे. ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) रीसेट केला. स्कॅनरवर एरर कोड नाही, सेन्सरचं व्होल्टेज 0.1 ते 0.9 मध्ये नीट खालीवर होतंय, त्यामुळे सेन्सरवर माझा संशय नाही. खाऱ्या हवेने सायलेन्सर गंजलाय, पण सेन्सरच्या आसपास गळती नाही.

मेकॅनिक थेट कन्व्हर्टर बदला म्हणतोय. एवढा खर्च करण्याआधी कन्व्हर्टर चोंदलाय की फ्युएल पंपाचा दाब पडतोय, हे नक्की कसं ओळखायचं? सेन्सरच्या जागी गेज लावून बॅक प्रेशर (पाइपमध्ये अडलेल्या धुराचा उलटा दाब) मोजून देणारं रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात कोणी आहे का?