मदत हवी आहे: बांगड्याच्या गाबोळीचे सेक्शन एक जाड, एक पातळ, वर भोकं

पाचमायक्रॉन (फोंडा):
रोटरी मायक्रोटोम (मेणातल्या ऊतकाचे पातळ काप, म्हणजे सेक्शन, काढायचं यंत्र), हाताने फिरवायचा. लो-प्रोफाइल ब्लेड. बांगड्याची पिकलेली गाबोळी बूइन द्रावात (ऊतक टिकवणारा द्राव) ठेवून ५८ अंशांच्या पॅराफिनमध्ये, म्हणजे मेणात, बसवली आहे; हाच ब्लॉक. फीड, म्हणजे एका कापाची जाडी, ५ मायक्रॉनवर. एक सेक्शन जाड येतो, पुढचा चुरगळतो, तिसऱ्या फेरीला काहीच येत नाही. शिवाय मोठी अंडी जिथे आहेत तिथे भोकं. ब्लेड दोनदा बदललं. यंत्र बिघडलंय की ब्लॉक? जाणकारांनी सांगावे.

मेणकापड:
हे दोन वेगळे आजार आहेत, एका औषधाने जाणार नाहीत.

आधी जाड-पातळ. पूर्वी नीट कापला गेलेला एखादा जुना ब्लॉक लावून बघा. तोही तसाच आला तर दोष यंत्राच्या बाजूला. चाक लॉक करा, ब्लेड काढा आणि कॅसेट (ब्लॉक ज्यावर बसवलाय ती प्लास्टिकची चौकट) चिमटीत धरून हलवा. किंचित जरी हलली तरी पुरे. बहुतेक वेळा कॅसेटच्या पाठीला आणि कडांना मेण चिकटलेलं असतं, त्यामुळे क्लॅम्प कॅसेटला न धरता मेणाला धरतो. ते खरवडून टाका.

मग क्लिअरन्स अँगल, म्हणजे ब्लेडची उतरती बाजू आणि ब्लॉकचं तोंड यांतला कोन. तो फार कमी असेल तर ब्लेडची उतरती बाजू ब्लॉकवर घासते. मेण दबतं, कापलं जात नाही, आणि पुढच्या फेरीला दोन फेऱ्यांचं एकदम निघतं. तुमचं वर्णन अगदी हेच आहे. एकेक अंशाने वाढवा. फार वाढवलात तर सेक्शनवर आडव्या लाटा उमटतील, तिथून मागे या. प्रत्येक बदलाआधी ब्लॉक मागे घ्या, नाहीतर पहिलाच काप खोल जाऊन ब्लेड आणि ब्लॉक दोन्ही जातील.

पाचमायक्रॉन:
यकृताचा जुना ब्लॉकही जाड-पातळच आला. कॅसेटच्या मागे मेण होतंच, आणि अँगल शून्यावर. दोन्ही सुधारल्यावर रिबन (कापांची सलग पट्टी) सरळ येतेय. भोकं मात्र कायम.

खाजणातला:
पिकलेल्या अंड्यातलं योक (बलक) ठिसूळ असतं. ३० मायक्रॉनने भराभर ट्रिम केलंत (वरचं मेण कापून ऊतक उघडं केलंत) तर ते उपटून निघतं आणि भोक बरंच खोल जातं. शेवटचे १०-१५ काप ५ ते १० मायक्रॉनने, सावकाश घ्या. मग ब्लॉकचं तोंड खाली करून बर्फाच्या पाण्यात १० मिनिटं. तासभर विसरू नका, ऊतक फुगून वर येतं.

आता ब्लॉकचं तोंड तिरप्या उजेडात बघा. गाबोळी कोरडी, भेगाळलेली दिसली तर निर्जलीकरण (मेणाआधी अल्कोहोलने पाणी काढणं) जास्त झालंय. मधोमध खोलगट आणि मऊ असेल, नखाने दबत असेल, तर पाणी आत राहिलंय, मेण पोचलंच नाही. त्याला बर्फ काय करणार? आपल्याकडच्या पावसाळ्यात संशय या दुसऱ्या कारणावरच घ्यावा. अ‍ॅब्सोल्यूट (पाणी नसलेलं) अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं, सैल झाकणाची बरणी असली की झालंच. मोरचूद तापवून केलेली पांढरी पूड शेवटच्या बरणीतल्या थोड्या अल्कोहोलमध्ये टाका. निळी झाली तर ते अल्कोहोल बदला. झायलीन (अल्कोहोल आणि मेण यांच्या मधला द्राव) दुधाळ झालं असेल तर तेही.

आणि वॉटर बाथ (काप तरंगवून पसरवायचं कोमट पाणी) ४५-४८ अंशांवर ठेवा. जास्त गरम असेल तर रिबन पसरून फाटते आणि पुन्हा भोकंच दिसतात.

पाचमायक्रॉन:
मधोमध नखाने दबतंय. पूड टाकल्या टाकल्या निळी झाली.

खाजणातला:
मग हा ब्लॉक वितळवून मागे न्या: झायलीन, ताजं अल्कोहोल, पुन्हा झायलीन, आणि ताज्या मेणाचे तीन बदल.