पॅच (कोडमधला छोटा बदल) मूळ प्रकल्पाकडे पाठवाच
‘लायब्ररीची (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची) प्रत घ्यावी, हवे ते बदलावे, मूळ प्रकल्पाची वाट कोण बघणार’ हे काहींचे म्हणणे पटत नाही. फोंड्यात आम्ही तिघांनी हेच केले. दोन वर्षांनी नवी आवृत्ती घ्यायला गेलो, तर आपले बदल कुठले नि त्यांचे कुठले तेच कळेना. चवथीची अख्खी सुट्टी डिफ (दोन आवृत्त्यांमधल्या फरकांची यादी) वाचण्यात गेली (नेवऱ्या खात खात, तेवढेच सुख). आता प्रत्येक बदलाची वेगळी पॅच फाइल, सुरुवातीला कारण, आणि लगेच मूळ प्रकल्पाकडे रवाना. तिकडे स्वीकारली की आपल्याकडची काढायची.

वाट बघावी लागते हे मात्र खरे. झेडलिब या डेटा आकुंचित करणाऱ्या लायब्ररीतल्या एका मेमरी-दोषाची दुरुस्ती २०१८ मध्येच कोडमध्ये आली. ती असलेली १.२.१२ आवृत्ती निघाली मार्च २०२२ मध्ये! तोवर पॅच आपणच सांभाळायचा.