वानरसेनेचं गाणं नक्की कुठून येतंय?

बी-४०२: नमस्कार. रोज संध्याकाळी सातनंतर वानरसेनेचं तेच ते गाणं कोण लावतंय? डक्टमधून आवाज थेट आमच्या बेडरूममध्ये येतो. मुलाची परीक्षा आहे.

ए-१०१: राम राम. चांगलंच आहे की, देवाचं आहे.

बी-४०२: काका, देवाचंच आहे. पण काल अकरा वेळा वाजलं, मोजलंय.

बी-३०२: दादा, ती मीच. सॉरी. लेकीला सेतूचं गाणं लावल्याशिवाय घास उतरत नाही. आजपासून आवाज कमी ठेवते.

सी-२०३: सागरांच्या मालिकेतलं का गं ते?

बी-३०२: नाही हो काकू, जपान्यांसोबत केलेलं कार्टून आहे, 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम'. आम्ही सुट्टीत कार्टून नेटवर्कवर बघायचो. हिंदीत रामाचा आवाज अरुण गोविलांचाच आहे, म्हणून तसं वाटत असेल.

ए-१०१: आणि रावण?

बी-३०२: अमरीश पुरी 😄

ए-१०१: मग प्रश्नच मिटला.

सेक्रेटरी: उद्या बी विंगची लिफ्ट १० ते २ बंद. कृपया नोंद घ्यावी. ग्रुप सूचनांसाठी आहे.

सी-५०४: सर, दोनच मिनिटं. १९८३मध्ये हे कार्टून करणारे जपानी दिग्दर्शक युगो साको पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले आणि रामायणात अडकले. दिग्दर्शनात आपले राम मोहन होते. संगीत वनराज भाटियांचं. मूळ चित्रपटात संवाद इंग्रजी आणि गाणी चक्क संस्कृत, लिहिणारे वसंत देव. 'भारत एक खोज'च्या सुरुवातीला नासदीय सूक्ताचं हिंदी रूप लागायचं, आठवतंय? तीच जोडी. शब्द देवांचे, चाल भाटियांची.

सी-२०३: अगंबाई, ते ऐकलं की हातातलं काम थांबायचं. वसंत देवांनीच 'घाशीराम' हिंदीत नेलं ना?

सी-५०४: हो काकू, तेच.

बी-३०२: काकू, मी मोठी झाल्यावर ती संस्कृत गाणी शोधून ऐकली. काय शब्द आहेत! पण खरं सांगू? परक्याच्या घरात बसल्यासारखं वाटलं. मला माझं डब केलेलं हिंदीच हवं होतं. त्याला कारण आहे. आम्ही चाळीतून फ्लॅटमध्ये आलो तेव्हा लिफ्ट सुरू झाली नव्हती. बाबा आणि काका लोखंडी कपाट पायऱ्यांवरून चढवत होते. मी आणि दादा मागून एकेक पातेलं घेऊन सेतूचं गाणं ओरडत होतो. दुसऱ्या मजल्यावर काकांचा हात सटकला, बाबा आम्हाला ओरडणार असं वाटलं, तर तेच म्हणाले, "थांबलात का? म्हणा पुढे." कपाट त्या तालावरच वर गेलं. त्यानंतर सिलिंडर हलवायचा असो की पिंप, बाबा तेच गुणगुणतात. अर्धे शब्द चुकीचे.

ए-१०१: खारीचा वाटा पातेल्यांचा!

बी-३०२: 😄 २०२५च्या जानेवारीत पुन्हा थिएटरला लागला तेव्हा बाबांना घेऊन गेले होते. कानाचं मशीन घरीच विसरले. सगळा सिनेमा "काय म्हणाला, काय म्हणाला" चाललं होतं, मागचे वैतागले. सेतूचा प्रसंग आला आणि विचारायचे थांबले. बघते तर खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरलेला, आणि चुकीचे शब्द अगदी मोठ्याने.

सी-२०३: 🙏

ए-१०१: बाबांना एकदा खाली कट्ट्यावर पाठवा. भाटियांचं 'मंथन'चं गाणं मलाही अर्धंच येतं.

बी-२०१: पाणी आज सहाला येणार की सातला?

सेक्रेटरी: सातला. आणि आता खरंच पुरे.

बी-४०२: सेक्रेटरी साहेब, लिफ्ट उद्या बंद म्हणजे नक्की दहालाच? आमचं नवीन कपाट अकराला येतंय. दुकानवाला एकच माणूस पाठवतोय.

सेक्रेटरी: नोटीस सोमवारपासून बोर्डावर आहे.

सी-५०४: मी येतो दादा. अजून दोघं लागतील.

बी-३०२: आमच्याकडून हे येतील. बाबांना जिन्यात खुर्ची टाकून देते, ते ठेका देतील. गाणं लावू का?

बी-४०२: लावा. पण मोजून एकदाच.

ए-१०१: चार मजले आहेत रे, एकदा पुरणार नाही.