पाणवनस्पती कुंडीत लावाव्यात की तळभर मातीत?

जुना गिरगावकर (मूळ लेखन; पुढे ‘तळ्याकाठी’ व ‘रुईचा काटा’ या टोपणनावांच्या वाचकांशी झालेली चर्चा)

घरच्या मत्स्यटाकीत पाणवनस्पती लावायच्या म्हटले की पहिला सल्ला ठरलेला असतो : तळाशी पोषक मातीचा थर, त्यावर वाळूचे किंवा बारीक खडीचे आच्छादन आणि मग लागवड. हा सल्ला चुकीचा नाही. मात्र तो ज्यांच्यामुळे रूढ झाला त्यांची गरज निराळी होती. जपानच्या ताकाशी आमानो यांनी लोकप्रिय केलेल्या शैलीत संपूर्ण टाकी हेच एक निसर्गदृश्य असते आणि दृश्य उभे करायचे तर जमीन सलग लागतेच. दिवाणखान्यात तीन फुटी टाकी ठेवून त्यात थोडे मासे आणि मोजकीच पण निरोगी रोपे सांभाळू पाहणाऱ्याने मात्र रोपे कुंड्यांत लावावीत आणि तळ मोकळा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी साधा हिशेब मांडतो. 90 सेंटिमीटर लांब व 45 सेंटिमीटर रुंद तळावर 5 सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर सुमारे 20 लिटर माल लागतो आणि ती खडी असेल तर तिचे वजन 30 किलोच्या घरात जाते. पुण्या-मुंबईत 11 महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसाला घर बदलताना हा चिखल उपसून, वाळवून, पुन्हा भरावा लागतो. कुंड्या असतील तर त्या बादलीत ठेवल्या की झाले. मुळांना धक्काही लागत नाही. क्रिप्टोकोरीनसारखे रोप जागा बदलली की पाने गाळून बसते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरा मुद्दा मातीच्या प्रकृतीचा आहे. पाणवनस्पतींच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात आणि पानांत तयार झालेला ऑक्सिजन त्यांतून खाली उतरून मुळांभोवतीची माती जिवंत ठेवतो. सलग थरात मात्र रोपांच्या अधेमधे मुळे न पोहोचलेले पट्टे राहतातच. तिथे ऑक्सिजन संपतो, माती काळी पडते आणि एखादे रोप उपटताना तिथून कुजक्या अंड्याच्या वासाचे बुडबुडे वर येतात. तो हायड्रोजन सल्फाइड असतो. रोप नीट रुजले की कुंडीतली जवळपास सगळी माती मुळांच्या ताब्यात येते, त्यामुळे आंबायला कोपराच उरत नाही.

कुंडी भरण्याची रीत अशी. साधारण 10 सेंटिमीटर तोंडाची, रंग किंवा चकाकी न दिलेली मातीची कुंडी घ्यावी आणि ती दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवावी. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा, कारण इथे पाण्याचा निचरा नको आहे, फक्त माती निसटू द्यायची नाही. त्यावर चाळलेली बागेतली माती भरावी. तिच्यात शेणखत किंवा कोणतेही खत मुळीच नसावे, नाहीतर सुटणाऱ्या अमोनियाने मासे मरतात. कोकोपीटही टाळावे, ते तरंगते. कोकणातला जांभा कुटून मूठभर मिसळला तर लोहाची सोय होते. वर दोन बोटे जाड वाळू द्यावी. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवतीची रॉकवूल (दगडी तंतूंचा कापसासारखा बोळा) चिमट्याने पूर्ण काढावी आणि रोपाचा गाभा, म्हणजे पाने फुटतात तो भाग, वाळूच्या वर राहील अशा बेताने ते लावावे.

हे कृत्रिम आहे, असा आक्षेप येईलच. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्याच्या खळग्यांत साचलेल्या वीतभरही नसलेल्या मातीत जलवनस्पती वाढतात. आपल्या सह्याद्रीची प्रदेशनिष्ठ अशी अपोनोजेटन सातारेन्सिस ही वनस्पतीही अशाच पठारांवरची. खडकातला तो खळगा म्हणजे कुंडीच नव्हे काय?

तळ्याकाठी

मूळ लेखनातील वजनाचा व स्थलांतराचा मुद्दा मान्य आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

कासचे उदाहरण मुळातच लागू पडत नाही. तिथले खळगे पावसाळ्यापुरते भरतात. पुढे पाणी आटले की अपोनोजेटन पाने टाकून देते आणि कंदाच्या रूपात उन्हाळा काढते. चार महिन्यांच्या वाढीला पुरणारी माती बारा महिने दिव्याखाली वाढणाऱ्या रोपाला पुरेल, हे त्यातून सिद्ध होत नाही. (कुणी हे वाचून पठारावरून कंद उकरून आणू नयेत, एवढे जाता जाता सांगणे आवश्यक वाटते. ती वनस्पती दुर्मीळ आहे.)

माती आंबते ती थर सलग असल्यामुळे नव्हे, तर तो वाजवीपेक्षा जाड असल्यामुळे. मातीच्या टाक्यांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका डायना वॉलस्टॅड यांच्या पद्धतीने माती दोन-तीन सेंटिमीटरच ठेवली, वर वाळूचे पातळ आच्छादन दिले आणि पहिल्याच दिवशी भरगच्च लागवड केली तर मुळे सगळीकडे पोहोचतात. शिवाय ट्रम्पेट गोगलगायी दिवसा वाळूत शिरून ती सतत खालीवर करीत असतात. मोकळ्या काचेवर त्या बिचाऱ्यांनी काय करावे? थोडी ऑक्सिजनची कमतरता तर हवीच असते, कारण जांभ्यातले लोह ऑक्सिजनयुक्त पाण्यात विरघळत नाही. ते मुळांना मिळते ते कमी ऑक्सिजनच्या मातीत त्याचे रूप बदलल्यावरच. मूळ लेखक आंबलेल्या मातीला घाबरतात आणि त्याच वेळी जांभा मिसळायला सांगतात, यातील विसंगती त्यांनी पाहावी.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. क्रिप्टोकोरीन असो वा वॅलिस्नेरिया, ही एकेकटी रोपे नसून वसाहती आहेत. त्यांची धावती खोडे मातीतून पुढे सरकतात आणि थोड्या अंतरावर नवे रोप उभे करतात. कुंडीत ही खोडे भिंतीला थडकून आतच गोल फिरतात किंवा काठावरून बाहेर लोंबतात, आणि त्यांच्या टोकाची पिल्ले मोकळ्या काचेवर रुजायला जागा शोधत राहतात. सलग तळाच्या टाकीत वर्षभराने झाडी दिसते. कुंड्यांच्या टाकीत रोपवाटिकेचे दुकान दिसते.

रुईचा काटा

माशांचे मत कुणीच विचारलेले नाही. कोरीडोरास मिशांनी वाळू चाळत अन्न शोधतो, कुली लोच तर वाळूत स्वतःला पुरून घेतो. मोकळी काच खालून प्रकाश परतवते आणि असे तळाचे मासे बावरलेले राहतात. उलट अंगठ्याएवढे खड्डे खणणारे सिक्लिड किंवा सगळेच उपटणारे गोल्डफिश पाळायचे असतील तर कुंडीला पर्याय नाही, आणि तिच्या तोंडावरही गोटे रचावे लागतात. कोणते मासे पाळायचे हे आधी ठरवावे.

आणखी एक. अनुबियास व जावा फर्न यांचा आडवा कंद मातीत पुरला की कुजतो. ती दगडाला किंवा लाकडाला बांधायची असतात. सेराटोफायलम पाण्यातूनच पोट भरते. म्हणजे नवशिक्याकडे असणाऱ्या निम्म्या रोपांना हा वाद लागूच नाही.

जुना गिरगावकर

तळ्याकाठी, विसंगती दिसते तितकी नाही. ऑक्सिजन कमी असणे आणि तो पूर्ण संपून माती सडणे यांत फरक आहे. वाळूच्या आच्छादनाखाली आणि दाट मुळांच्या जाळ्यात पहिली स्थिती टिकते, दुसरी येत नाही. आणि समजा आलीच, तर एक कुंडी उचलून बाहेर काढता येते, थर काढता येत नाही.

पहिल्या दिवशी भरगच्च लागवड हा सल्ला योग्य असला तरी तो खर्चिक आहे. क्रॉफर्ड मार्केटमधून रविवारी दोन रोपे आणणारा माणूस टाकी हळूहळूच भरतो आणि तेवढा काळ त्याचा सलग थर उघडाच राहतो. त्यातून अनेकांकडे बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असते. बाजारातली महागडी अॅक्वा सॉइल (मत्स्यटाकीसाठी तयार केलेली दाणेदार माती) अशा पाण्यातील कार्बोनेट शोषून शोषून लवकर थकते. सगळा थर बदलणे म्हणजे टाकी नव्याने उभारणे होय; कुंडीतली माती एकेक करून बदलता येते.

वॅलिस्नेरियाबाबतचे म्हणणे मात्र रास्त आहे. ती कुंडीत राहत नाही.

तळ्याकाठी

मग ॲमेझॉन स्वॉर्डचे काय? ते मुळांनीच जेवणारे रोप आहे. पूर्ण वाढलेल्या स्वॉर्डची मुळे एवढी पसरतात की 10 सेंटिमीटरच्या कुंडीत ती गोळा होऊन बसतात, नवी पाने फिकट व लहान येऊ लागतात आणि मग दर काही आठवड्यांनी खताची गोळी खोचत राहावे लागते. माती संपली आहे, हे रोप पानांवर लिहून देत असते.

रुईचा काटा

म्हणून कुंडीऐवजी ट्रे. केक भाजण्याचा काचेचा उथळ ट्रे घ्यावा. तांब्या-पितळेची परात चुकूनही नको, त्यातले तांबे झिंग्यांना व गोगलगायींना मारते. टाकीच्या मागच्या बाजूला असा ट्रे मातीने भरून त्यात क्रिप्टोकोरीनची वसाहत होऊ द्यावी. पुढच्या बाजूला बोटाच्या पेराइतकी नुसती धुतलेली वाळू टाकावी. वाळूवर आधी व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फसफसली तर तिच्यात शिंपल्यांचा चुरा आहे आणि ती पाणी जड करील. स्वॉर्ड तीन फुटी टाकीत आणूच नये, ते कुंडीत असो वा थरात.

तळ्याकाठी

ट्रेची लांबी तळाच्या अर्ध्याहून जास्त असेल तर माझी हरकत नाही. त्याहून लहान ट्रेला मी मोठी कुंडीच म्हणेन.